सिरियस आहे, लगेच निघ

खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर एका फ्लॅटमध्ये राहणं काय असतं, हे भोगल्याशिवाय कळत नाही. मी ते अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये भोगलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आणि तेही हिवाळ्यात. तिथला एक हिवाळा आपल्याकडच्या दीड वर्षाएवढा असतो. आमच्या फ्लॅटमधला हीटर तापत नसे, नुसता आमच्याकडे बघून हळहळत असे. आंघोळीनंतर डोकं नीट पुसलं नाही तर बसस्टॉपपर्यंत जाईस्तोवर केसांची काचेची टोपी व्हायची. लॅबमध्ये पोचलो की ती अदबीने काढून मी टेबलावर ठेवायचो.

यात मी थोडं वाढवलंय. मी नागपूरचा आहे, आणि वाढवल्याशिवाय मला वाढता आलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात कच्चे पापड दोरीवर वाळत घालतात आणि संध्याकाळी भाजलेले उतरवतात, हे मी लॅबमधल्या अमेरिकन पोरांना इतक्यांदा सांगितलं की त्यातला एक जण दोरी कोणत्या कंपनीची वापरता म्हणून विचारू लागला होता. तेव्हा वाचणाऱ्याने सावध असावं. मात्र पुढे एक फोन येतो. त्या फोनपासूनचं सगळं जसं घडलं तसं आहे. गाडीचं वर्णन सोडून.

माझा रूममेट वसईचा. कॅथलिक, केळीच्या बागायतदाराचा मुलगा. फादर व्हायचं म्हणून सेमिनरीत गेला, काही वर्षांनी अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला मिशिगनला आला. म्हणून मी त्याला ‘फादर’ म्हणायचो आणि तो मला ‘थापाड्या’. आम्हा दोघांना दुसरी नावं आहेत हे पोस्टमनखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं.

हा माणूस खोटं बोलत नसे. म्हणजे अजिबात. घरमालकाने विचारलं, कार्पेटवर इस्त्रीचा डाग कुणाचा, तर मी ‘आम्ही आलो तेव्हापासून आहे’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत हा ‘आमचा’ म्हणून मोकळा. एकदा गावातल्या एका मराठी काकूंनी आम्हा उपाशी विद्यार्थ्यांना पुरणपोळीला बोलावलं. काकूंनी कौतुकाने विचारलं, कशी झालीय रे? सगळे फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास करतायत, आणि हा छताकडे बघत, विचार करून म्हणाला, “पहिली बरी होती, काकू.” त्यानंतर थेट बर्फ वितळेपर्यंत आम्हाला आमंत्रण नाही.

त्याचा प्रबंधही खोटं बोलण्यावरच होता. म्हणजे विरुद्ध. कांदा चिरता चिरता तो मला तो समजावून द्यायचा, आणि कांद्यामुळे त्याच्या युक्तिवादाला एक वेगळंच कारुण्य यायचं. त्याचं म्हणणं असं, की ख्रिस्ती नीती बायबलच्या पहिल्या पानावर सुरू होत नाही, त्याच्याही आधी होते. देवाने माणसाला बुद्धी दिली, आणि कोणती गोष्ट कशासाठी आहे हे त्या बुद्धीला दिसतं. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही. डोळा बघायला, अन्न जगायला, आणि वाचा मनातलं दुसऱ्यापर्यंत पोचवायला. हा नैसर्गिक नियम. प्रभूची शिकवण या पायावर उभं राहिलेलं घर. पाया काढला तर घर हवेत. मनात एक आणि जिभेवर दुसरं, हे वाचेच्या मुळाशीच घाव घालणं. म्हणून खोटं हे कुणाच्या भल्यासाठी बोललं तरी वाईटच.

“आणि घरात लपलेल्या मित्राला शोधत दारात खुनी उभा असला तर?” मी विचारायचो. त्याला हा प्रश्न विचारणारा मी पहिलाच असेन अशी माझी समजूत होती. त्याच्या प्रबंधात त्या खुन्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

“गप्प राहता येतं. दार लावता येतं. धक्का मारता येतो. खोटं बोलता येत नाही.”

आता मीही काही मोकाट माणूस नाही. मी बौद्ध; खोटं न बोलण्याचं शील आमच्याकडेही आहे, आणि लहानपणी विहारात ते मी सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायचो. पण थाप म्हणजे खोटं नव्हे, असं माझं ठाम मत. पापड दोरीवर भाजत नाहीत हे सांगणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, त्या एका येड्या अमेरिकन पोराचा अपवाद सोडून. यावर फादरने दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं. ऐकणाऱ्याला माहीत असेल तर ते सांगणं नसून खेळ आहे, अशी एक तळटीप त्याने प्रबंधात घातली. ती तळटीप माझी. माझ्या स्वतःच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्रबंधात मला इतका अभिमान वाटावा असं एकही वाक्य नव्हतं.

पण ‘निसर्ग’ या शब्दाशी माझं जमत नसे, आणि तिथे मात्र मी थट्टा करत नव्हतो. एका रविवारी वरणाला फोडणी देताना मी त्याला म्हणालो, “अबे, तुझा निसर्ग जिभेला काम वाटून देतो. आमच्या गावात निसर्गाने माझ्या आज्याला पण काम वाटून दिलं होतं. मेलेली ढोरं ओढायचं. सगळं गाव म्हणायचं, हे जन्मानंच ठरलेलं आहे. तेव्हा कशासाठी कोण आहे हे कुणी बुद्धीनं बघून सांगायला लागलं की आम्ही आधी चप्पल शोधतो, निघायला.”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “तुझ्या आज्याला ते पटलं होतं?”

“पटायला काय झालंय? ते सोडूनच नागपूरला आला ना तो.”

“का सोडलं? गावचा कायदा त्यांचा, पोथ्या त्यांच्या, देव त्यांचे. मग हे चूक आहे हे त्याला कुठून कळलं?”

मी वरणाकडे बघत राहिलो.

“मी त्यालाच नैसर्गिक नियम म्हणतो,” तो म्हणाला. “गाव निसर्गाचं नाव घेऊन खोटं बोलत होतं.”

तेवढ्यात वरण करपलं. शेवटी मी एवढंच म्हणालो, की हे सगळं ठीक आहे, पण तुमच्या वसईत चारशे वर्षं ख्रिस्ती होऊनसुद्धा लग्न जुळवताना मूळचे कोण हे हळूच विचारतात की नाही? तो हसला आणि ‘विचारतात’ म्हणाला. खोटं कुठून बोलणार.

त्याच्या या खऱ्याच्या वेडामागे एक प्रवास होता. तो पुण्याला सेमिनरीत असताना एके दिवशी निरोप आला, वडील सिरियस आहेत, लगेच निघ. पुण्याहून वसईपर्यंत, एसटीच्या खिडकीशी बसून, तो रोझरीचे मणी ओढत राहिला. प्रत्येक मण्याला एकच मागणं: बाबा बरे होऊ देत. आपल्या गल्लीत वळला तर घरासमोर बाकं मांडलेली, आणि बाकांवर पुरुषमंडळी माना खाली घालून बसलेली. वडील निरोप येण्याच्याही आधी गेले होते.

“सगळ्यांना माहीत होतं,” तो मला म्हणाला होता. “फोन करणाऱ्याला, घेणाऱ्या फादरला, एसटीवर पोचवायला आलेल्या मित्राला. मी मेलेल्या माणसासाठी बरं होण्याचं मागणं मागत होतो, आणि त्यांनी मला मागू दिलं.” मग ताटातला भात कालवत म्हणाला, “माझ्यासाठी कधी असा फोन आला ना थापाड्या, तर सरळ सांगायचं.” मी म्हणालो, सांगेन. जेवताना माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

तो फोन जानेवारीत आला. सकाळी. फादर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सकाळच्या उपासनेला, गेला होता. बर्फ असो, वादळ असो, तो चालत जायचा. मी चहा ठेवला होता. पलीकडून वसईचे त्याचे मामा बोलत होते, आणि लाइनवर माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. तो कुठे आहे, त्यांनी विचारलं. चर्चमध्ये, मी म्हटलं.

“त्याला सांग, आई सिरियस आहे. लगेच निघ म्हणावं.”

“मामा, सिरियस म्हणजे...”

“सिरियस रे बाबा. एकटा आहे तो तिकडे. सांभाळून सांग.”

आणि फोन बंद.

आता ज्याचं घर महाराष्ट्रात आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे लांबच्या फोनवर कुणीही मरत नाही, सिरियस होतं. माझी एक आत्या जाळल्यानंतरही दोन दिवस सिरियस होती. माणसाला वाटेत धक्का बसू नये, तो सुखरूप घरी पोचावा, म्हणून सगळं गणगोत मिळून मेलेल्याला तेवढा वेळ जिवंत ठेवतं. त्यात कपट नसतं, मायाच असते. त्यामुळे मामांनी फोन ठेवला तेव्हा माझ्या मनाने चहाच्या पातेल्यासमोर उभं राहून ठरवून टाकलं: गेली.

पण मामा ‘गेली’ म्हणाले नव्हते. मी सांगेन म्हणून कबूल केलं होतं, पण काय सांगेन? ‘गेली’ म्हणालो तर ते माझ्या पदरचं. ‘सिरियस’ म्हणालो तर मी पण त्या एसटीवर पोचवायला आलेल्या मित्रासारखाच. आयुष्यात मी कुणाचा निरोप तिखटमीठ लावल्याशिवाय पोचवला नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, जसाच्या तसा द्यायचा. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

तो आला, टोपीवर बर्फ. मी सांगितलं. त्याने एक हातमोजा काढला आणि दुसरा काढायचं विसरला.

“नक्की शब्द काय होते?”

मी शब्द सांगितले. एकटा आहे, सांभाळून सांग, हेही सांगितलं.

“गेली,” तो म्हणाला.

“असं ते म्हणाले नाहीत.”

“बाबांच्या वेळी पण म्हणाले नव्हते.”

मग त्याने फोन लावायला सुरुवात केली, तो एक हातमोजा तसाच ठेवून. त्याच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या मावशींकडे होता. मावशी म्हणाल्या, बरी आहे रे, सिरियस आहे. एकाच श्वासात दोन्ही. आईला बोलवा म्हणाला, तर ती हॉस्पिटलमध्ये आहे. कुठल्या वॉर्डात? ते तुझ्या मामाला ठाऊक. मामा कुठे? ते पण तिकडेच. हे सगळं खरं असू शकत होतं, आणि आई गेलेली असती तरी मावशी शब्दाला शब्द हेच बोलल्या असत्या.

शेवटी त्याने गावच्या चर्चमध्ये फोन लावला. तिथले फादर म्हातारे, ह्याला बाप्तिस्मा दिलेले. पाद्री खोटं बोलणार नाही, असं तो मला नंबर फिरवता फिरवता म्हणाला. पाण्यात पडलेल्या माणसाने काठ दाखवावा तसं. पलीकडे बोलणं झालं, त्याने रिसीव्हर ठेवला.

“काय म्हणाले?”

“ये बाळा, आम्ही वाट बघतोय. मी तिच्यासाठी प्रार्थना करतोय.”

“मग झालं तर.”

“आहे असं म्हणाले नाहीत.”

“अरे, गेली असं पण म्हणाले नाहीत.”

“पाद्र्याला गप्प राहता येतं, थापाड्या. मीच शिकवलंय ना तुला.”

शुक्रवारी त्याची तोंडी परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. पण अडलं होतं ते परीक्षेवर नाही. तो खुर्चीत बसून अगदी शांतपणे म्हणाला, की आई जिवंत असेल तर मी आत्ता, या कपड्यांवर निघतो. गेली असेल तर उद्या माती होईल, मी पोचणार नाहीच. मग परीक्षा देऊन, तिच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगून, तिचं शोकाचं कर्ज नीट डोळे उघडे ठेवून फेडीन. पण न कळता त्या विमानात बसणं मला जमणार नाही. तो प्रवास मी एकदा केलाय.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, “कोणतं, ते सांग.”

जगातले सगळे विश्वासू लोक, मामा, मावशी, साक्षात पाद्री, त्याच्या कामाचे उरले नव्हते. उरला होतो मी. आणि संध्याकाळच्या विमानात एक जागा होती, अर्ध्या तासात कळवायचं होतं, हे मी मधल्या वेळात तिकिटाच्या एजंटला विचारून ठेवलं होतं. ती सुटली की पुढची दोन दिवसांनी.

माझ्याकडे एक थाप तयार होती. अशी थाप माझ्या हातून ना आधी झाली ना नंतर. मामा बोलत होते तेव्हा मागून तुझ्या आईचा आवाज आला, असं मी सांगणार होतो. बारीक, दमलेला, पण रागावलेला. म्हणत होती, कशाला त्याला घाबरवतोस, परीक्षा आहे त्याची. आणि येणारच असेल तर ते जाड कोट आणू नको म्हणावं, ठेवायला जागा नाही. मधे खोकत होती. एक भांडं पडल्याचा आवाज होता. त्या बाईला मी कधी बघितलं नव्हतं, नुसती तिने वाळवून पाठवलेली सुकेळी खाल्ली होती, पाकिटाच्या तळाचा चिकटा चाटण्यापर्यंत. आणि तेवढ्यावरून ती माझ्या डोक्यात चालतीबोलती उभी राहिली होती. तो लगेच उठला असता. बॅगसुद्धा घेतली नसती.

ती थाप जिभेच्या टोकावर होती आणि मला माझीच तळटीप आठवली. ऐकणाऱ्याला माहीत असेल तर. त्याला माहीत नसणार होतं. तो आईचा आवाज घेऊन विमानात बसणार होता, आणि कदाचित वसईत परत बाकं मांडलेली असणार होती. या खेपेला ती बाकं मी मांडलेली.

“मला माहीत नाही, यार,” मी म्हणालो. “मामा सिरियस म्हणाले, तेवढंच. मला वाटतं, ती गेली. पण मला माहीत नाही.”

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बेचव वाक्य. ना मीठ, ना फोडणी. तो माझ्याकडे बघत राहिला, घरमालक डागाकडे बघतो तसा.

“म्हणजे असू शकते,” तो म्हणाला.

“असू शकते.”

“झुडपात हरीण आहे की माणूस हे माहीत नसेल तर शिकाऱ्याने काय करायचं?” हे त्याने अंडरग्रॅज्युएट पोरांना शिकवलेलं उदाहरण होतं, त्याच्या जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांतलं. उत्तर त्याला स्वतःलाच द्यायचं होतं. “माणूस धरायचा. गोळी झाडायची नाही.” मग त्याने दुसरा हातमोजा काढला आणि उठला. “जिवंत धरतो.”

माझी गाडी तेव्हा इतकी गंजलेली होती की पायाखालून हायवे दिसायचा, आणि डाव्या पायाने मी बर्फाची खोली चाचपायचो. तिच्यातून आम्ही डेट्रॉइटच्या विमानतळाकडे निघालो. रोझरी त्याच्या कोटाच्या खिशात होती, हात तिच्यावर होता, पण मणी सरकत नव्हते. मी न राहवून म्हणालो, काहीतरी माग तरी. तो म्हणाला, “या खेपेला काही मागणार नाही. जे आहे ते असो, एवढंच.” मला ते मागण्यापेक्षा भयंकर वाटलं. एरवी मी अशा वेळी वाघाची एक गोष्ट सांगतो. ती मला सुरूच करता आली नाही.

मग पुढचे कितीतरी दिवस फोन नाही. मी फ्लॅटमध्ये एकटा, आणि घर इतकं शांत की हीटरचं हळहळणं ऐकू यायचं. त्याच्या टेबलावर प्रबंधाचे कागद होते. मी ते वाचले; दुसरं काय करणार. सगळं जागच्या जागी होतं. पाया, भिंत, छप्पर. वाचा मनातलं पोचवण्यासाठी आहे. मला राहून राहून वाटायचं, की हे लिहिणाऱ्यापर्यंत घरातल्या एकाही माणसाचं मन त्या दिवशी वाचेवाटे पोचलं नाही. आणि तरी ती सगळी माणसं चांगली होती. मग दुसऱ्या क्षणी आज्या आठवायचा. सगळं गाव चांगलं असतं, आपापल्या परीने. चूक कुठे आहे हे सांगायला त्या सगळ्यांच्या वरचं काहीतरी लागतंच. दोन्ही पटत होतं. दोन्ही एकदम पटणं मला झेपत नव्हतं.

तो परत आला तेव्हा रस्त्यांवर बर्फाचा काळा चिखल झाला होता. आल्या आल्या त्याने सांगितलं नाही. चहा केला, कांदा चिरायला घेतला, आणि मग.

आई जिवंत होती. मामा खरंच बोलले होते, पाद्री खरं बोलले होते, मावशीसुद्धा. तो विमानतळावरून थेट हॉस्पिटलमध्ये गेला, बॅगेसकट. घरच्यांनी तिला सांगितलं होतं, छातीत कफ आहे, रविवारी घरी. ती शुद्धीवर होती. त्याच्याकडे बघायच्या आधी तिने बॅगेकडे बघितलं, तिच्यावरच्या विमानाच्या चिठ्ठीकडे.

“तू आलास?” ती म्हणाली. “म्हणजे मी चालले तर.”

कसं कुणाच्या लक्षात आलं नाही, देव जाणे. सिरियस म्हटल्यावर काय समजायचं हे जसं आम्हाला ठाऊक, तसं परदेशातलं पोर अचानक दारात उभं राहिलं की काय समजायचं, हे तिलाही ठाऊक. आम्ही सगळे त्याला काय सांगायचं या घोरात होतो. त्याच्या येण्यानेच तिला निरोप पोचला. मामा हसून म्हणाले, काहीतरीच काय, त्याला सुट्टी आहे. सगळे हसले. ती थांबली. सगळे चहाला खाली गेले तेव्हा तिने त्याचा हात धरला.

“तू खोटं बोलत नाहीस,” ती म्हणाली. “सांग. मी जाणार ना?”

डॉक्टरांनी त्याला कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलेलं होतं. गप्प राहता आलं असतं, मी म्हणालो. तो म्हणाला, गप्प राहिलो असतो तर तेच उत्तर झालं असतं.

“मग?”

“तुझं वाक्य वापरलं. माहीत नाही, म्हणालो.”

सुरी तशीच चालू होती. माझ्या अख्ख्या आयुष्याच्या थापांच्या गोदामातून त्याने उचललं ते नेमकं एकच खरं वाक्य, आणि त्याच्या तोंडात ते खोटं झालं. ती ‘बरं’ म्हणाली, त्याचा हात थोपटला, आणि तू जेवलास का म्हणून विचारलं. त्यानंतर ती थोडेच दिवस होती.

मी वकिली सुरू केली. ती आई होती. तुझ्या चेहऱ्यावरून तिला कळलंच असणार. म्हणजे ऐकणाऱ्याला माहीत होतं. म्हणजे खोटं नाही. तळटीप बघ.

“तिला माहीत होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी तिला फसवायलाच बोललो.”

“मग तुझा नियम चुकीचा आहे,” मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. “मरणाऱ्या आईशी माणुसकीनं वागू देत नाही तो कसला पाया? त्यावर घर बांधून राहणार कोण?”

“मी मोडला म्हणून नियम चुकत नाही. तुझ्या गावानेही मोडलाच होता.” त्याने चिरलेला कांदा पातेल्यात ढकलला. “कन्फेशन केलं इथल्या चर्चमध्ये. फादर म्हणाले, मोठं काही नाही, एक छोटी प्रार्थना म्हण. मला ते पटलं नाही. ते इतकं छोटं असायला नको होतं. आणि मोठं आहे म्हणाले असते तर तेही पटलं नसतं.”

त्यानंतर त्याने प्रबंधातून माझी तळटीप काढून टाकली. मी भांडलो, तो म्हणाला, त्या दारातून मीच पहिला पळून जाईन. परीक्षा पुढे ढकलून मिळाली होती, ती तो पास झाला, आणि निष्कर्षाचं एक अक्षर बदललं नाही. पण काकूंनी उन्हाळ्यात पुन्हा जेवायला बोलावलं आणि पोळी कशी झालीय विचारलं, तेव्हा तो नुसताच जेवत राहिला. काकूंना वाटलं, सुधारला.

त्या कांद्याच्या दिवशीचं एक राहिलं. जेवण झालं, भांडी घासायची होती. तो नळाशी उभा होता, पाठमोरा.

“त्या सकाळी तुझ्याकडे काहीतरी तयार होतं ना?” त्याने विचारलं. “तुझ्या तोंडावर दिसत होतं. मग गिळलंस.”

मी हो म्हणालो.

“सांग.”

मी सांगितलं. मामांच्या मागून आलेला तिचा आवाज, तिचा राग, परीक्षा आहे त्याची, जाड कोट ठेवायला जागा नाही, खोकला, पडलेलं भांडं. त्याने नळ बंद केला होता. माझी गोष्ट संपल्यावरही तो वळला नाही.

“खोकला काढून टाक,” तो म्हणाला.

मी काढून टाकला, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.